सॅम्युएल बोर्न आणि काचेवरचा हिमालय

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरणीकामगाराला मात्र सुरत हे शहर ठाऊक नव्हते; त्याला ठाऊक होता तो कापूस. हिंदुस्थानातून येणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाला तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणत. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा लांब धाग्याचा कापूस येईनासा झाला आणि गिरण्यांतून हा ‘सुरत’ चालू लागला. तो कचऱ्याने भरलेला असे आणि त्याचे सूत वरचेवर तुटे. देवा, आम्हांस कापूस दे, पण सुरती देऊ नकोस, अशी प्रार्थना तेथील एका सभेत झाल्याची आख्यायिका अजून सांगतात.

याच काळात कापसाचा आणखी एक उपयोग होत होता आणि तो फार थोड्यांना माहीत होता. छायाचित्राची काच कापसावाचून सिद्ध होत नसे. तिला दुसरा पदार्थ लागे तो चांदी, आणि छापलेल्या चित्राचा रंग टिकावा म्हणून शेवटी सोन्याचा हात द्यावा लागे. चांदीची तार ओढून तिला सोन्याचे पाणी देणाऱ्या सुरतेच्या जरीकारागिरांना ही सामग्री परकी वाटली नसती. या सामग्रीतून हिंदुस्थानच्या निसर्गाची अत्यंत सुंदर चित्रे ज्याने काढली, तो सॅम्युएल बोर्न.

बोर्नचा जन्म १८३४ चा. नॉटिंगहॅम येथील एका पेढीत तो कारकून होता. छायाचित्रण हा त्याचा फावल्या वेळचा छंद. पेढीची नोकरी सोडून तो १८६३ साली कलकत्त्यास उतरला आणि तेथून सिमल्यास गेला. प्रथम विल्यम हॉवर्ड व नंतर चार्ल्स शेफर्ड यांच्याशी त्याने भागीदारी केली. यांतूनच ‘बोर्न अँड शेफर्ड’ ही प्रसिद्ध पेढी उभी राहिली. १८७० साली तो मायदेशी परतला. जेमतेम सात वर्षांत त्याने दोन हजारांच्या वर चित्रे घेतली. ही संख्या आज मोठी वाटणार नाही. पण एकेका चित्रामागची कृती पाहिली म्हणजे तिचे मोल कळते.

ही कृती फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केली होती. तीव्र आम्लांत भिजवून धुतलेला कापूस ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळवला की मधासारखा दाट द्रव तयार होतो. त्यास कलोडियन म्हणतात. त्यात आयोडाइडचे क्षार मिसळून तो स्वच्छ काचेवर ओतावयाचा, काच चारी कोपऱ्यांकडे कलती करून त्याचा सारखा थर बसवावयाचा, मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवावयाची. एवढे झाले की ती प्रकाशाला संवेदनशील होई. परंतु ती ओली असेपर्यंतच! थर सुकण्याआधी चित्र घेणे आणि ते रसायनाने उमटवणे, दोन्ही झाले पाहिजे. हाताशी वेळ काय तो काही मिनिटांचा. म्हणून छायाचित्रकाराला आपली अंधारखोली, म्हणजे एक काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि काचांच्या पेट्या घेऊनच हिंडावे लागे.

ही विद्या केवळ साहेबांपाशी होती असे मात्र नव्हे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत आपला व्यवसाय थाटला. बोर्न सिमल्यास पोहोचण्यापूर्वीच ही मराठी मंडळी काचेवर कलोडियन ओतू लागली होती. फरक एवढाच, की त्यांची अंधारखोली बहुधा घराच्या चार भिंतींत असे. बोर्नने ती डोंगरमाथ्यावर नेली.

या कृतीचे गुणदोष त्याच्या चित्रांत स्पष्ट दिसतात. कलोडियनला निळा प्रकाश फार लवकर भिडतो, हिरवा व तांबडा जवळजवळ भिडतच नाही. त्यामुळे झाडी काळीशार उमटे आणि निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे राही. वाहते पाणी धूसर होई, वाऱ्याने हलणारे पान पुसट होई. त्या काळी चित्र मोठे करून छापण्याची सोयही नव्हती. जेवढी काच तेवढेच चित्र. म्हणून बोर्न बारा इंच लांब आणि दहा इंच रुंद अशा काचा वापरी, आणि त्यांवरून अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर उन्हात चित्रे छापली जात. आपण त्यांना काळी-पांढरी म्हणतो. वास्तविक त्यांची छटा जांभळट तपकिरी असते.

पुढे अमेरिकेत अँसल अ‍ॅडम्स याने याच अडचणीवर कशी मात केली ते पाहण्यासारखे आहे. १९२७ साली योसेमिटीच्या ‘हाफ डोम’ या कड्याचे चित्र घेताना त्याने भिंगापुढे लाल काच बसवली आणि आकाश जवळजवळ काळे करून टाकले. डोळ्यांना दिसले तसे नव्हे, तर मनाला जाणवले तसे आकाश त्याला हवे होते. बोर्नला ही मुभा नव्हती. त्याने कोरे आकाश पत्करले आणि सारे लक्ष रचनेवर दिले. काश्मिरातील दल सरोवराचे शांत पाणी, श्रीनगरचा पॉप्लर वृक्षांचा रस्ता, या चित्रांची कीर्ती आहे ती त्यांतील तोलामुळे.

आता प्रश्न असा, की हा सारा संसार हिमालयात चढला कसा? १८६३ साली सतलजच्या खोऱ्यातून स्पितीकडे जाताना बोर्नबरोबर सुमारे ३० हमाल होते. १८६४ साली काश्मीरला जाताना ४२ आणि १८६६ च्या तिसऱ्या प्रवासात ८० च्या घरात. याच शेवटच्या प्रवासात त्याने सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत चित्रे घेतली. एवढ्या उंचीवर पुढे कितीतरी वर्षे कोणी छायाचित्र घेतले नव्हते. हा पराक्रम खरा आहे. बोटे गारठत असताना काचेवर सारखा थर बसवणे हे सामान्य माणसाचे काम नव्हे.

परंतु त्याच काचा पाठीवर घेऊन दुसरी माणसे चढत होती. पहाडी मुलखात तेव्हा बेगारीची चाल होती. साहेब आला की गावाने माणसे पुरवावयाची. शेतीचा हंगाम असो, अंगावर पुरते कपडे असोत वा नसोत. हमाल वाटेत ओझी टाकून पळून गेले तेव्हा आपण काठी घेऊन त्यांच्या शोधात निघालो आणि सापडले त्यांना झोडपले, हे बोर्नने इंग्लंडच्या छायाचित्रणविषयक नियतकालिकात स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यात त्याला लपवण्यासारखे काही वाटले नाही. या बेगारीविरुद्ध डोंगरातील लोक संघटितपणे उभे राहिले ते १९२१ साली, कुमाऊंत बागेश्वर येथे आणि सिमल्याजवळ कोटगढ येथे.

बोर्नच्या चित्रांत माणसे मुळीच नाहीत असे नाही. कड्याची उंची कळावी म्हणून एखादी आकृती तो मुद्दाम उभी करी. खिंडीतील चित्रांत हमालही दिसतात. मात्र ती मोजपट्टीसारखी दिसतात. त्यांचे ओझे दिसत नाही, धाप दिसत नाही, नाव तर नाहीच. ओल्या काचेला हालचाल सोसत नव्हती, हे त्याचे अर्धे कारण. उरलेले अर्धे छायाचित्रकाराच्या दृष्टीत होते. इंग्लंडातील निसर्गचित्रांत असते तशी निवांत, रमणीय भूमी तो शोधीत होता, आणि हिमालयात ती सर्वत्र सापडत नाही अशी त्याची तक्रार होती. चित्रातली शांतता अशी निवडून, जुळवून आणलेली आहे.

म्हणून ही चित्रे टाकून द्यावी काय? तसे करणे नुकसानीचे होईल. १८६६ साली त्याने गोमुखाची चित्रे घेतली. गंगोत्रीची हिमनदी तेव्हापासून किती मागे हटली हे आज त्या चित्रांवरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. त्याच्या पेढीने गुजरातचीही सेवा केली. कॉलिन मरे याने घेतलेली गुजरात व राजपुताना येथील वास्तूंची आणि निसर्गाची छायाचित्रे जेम्स बर्जेस यांच्या विवेचनासह १८७४ साली ग्रंथरूपाने निघाली. ही पेढी कलकत्त्यास दीर्घकाळ चालली. १९९१ च्या आगीत तिचा बहुमोल संग्रह जळाला आणि २०१६ साली तिचे दार कायमचे बंद झाले.

स्वतः बोर्न नॉटिंगहॅमला परतल्यावर कापसाच्या सुताला पीळ देण्याच्या धंद्यात शिरला, त्यात संपन्न झाला आणि १९१२ साली वारला. त्याची चित्रे आणि त्याचा हिशेब, दोन्ही आपल्यापर्यंत पोहोचले आहेत. कोणते भिंग, केवढी काच, किती वेळ प्रकाश, हे सारे अभ्यासक त्याच्या चित्रांवरून आवडीने शिकतात आणि ते शिकावेच. त्याच यादीत हमालांची संख्याही लिहिली पाहिजे. कारण ती ८० माणसे वजा केली, तर मणिरंगच्या खिंडीतील ते चित्र उरत नाही.