स्टीम मशीन

स्टीम मशीन हे अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीच्या पुढाकाराने निरनिराळ्या उत्पादकांनी तयार केलेल्या, दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळ खेळण्यासाठीच्या संगणकांचे सामायिक नाव आहे. सोनीच्या प्लेस्टेशन ४ व मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन या गेमिंग कन्सोलांना दिवाणखान्यात पर्याय उभा करणे हा त्यांचा हेतू होता. हे संगणक १० नोव्हेंबर २०१५ रोजी बाजारात आले, परंतु त्यांना व्यावसायिक यश लाभले नाही.

पार्श्वभूमी

व्हॉल्व्हचे स्टीम हे संगणकीय खेळांच्या विक्रीचे सर्वांत मोठे ऑनलाइन दुकान असले, तरी त्याचे बहुतांश ग्राहक विंडोज वापरणारे होते. २०१२ साली विंडोज ८सोबत मायक्रोसॉफ्टने स्वतःचे ॲप दुकान आणले. आपला सारा व्यवसाय प्रतिस्पर्ध्याच्या प्रणालीवर उभा आहे, ही बाब त्यामुळे व्हॉल्व्हसाठी गंभीर ठरली. सहसंस्थापक गेब न्यूएल यांनी विंडोज ८वर जाहीर टीकाही केली. सप्टेंबर २०१३मध्ये कंपनीने एकाच आठवड्यात लिनक्सवर आधारित स्टीमओएस ही प्रणाली, तिच्यावर चालणारी स्टीम मशीन आणि स्टीम कंट्रोलर यांची घोषणा केली. माऊससाठी घडवलेले खेळ सोफ्यावर बसून खेळता यावेत म्हणून या कंट्रोलरवर दोन स्पर्शफलक होते.

हार्डवेअर

दिवाणखान्यातील संगणकाकडून कार्यालयातील संगणकापेक्षा वेगळ्या अपेक्षा असतात. तो लहान हवा, फारसा तापता कामा नये आणि त्याच्या पंख्याचा आवाज संवादांवर मात करता कामा नये. व्हॉल्व्हने चाचणीसाठी ३०० नमुना संच वाटले, त्यांत या अडचणीचा चांगला विचार दिसतो. सुमारे ३१ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या आणि जेमतेम साडेसात सेंटिमीटर उंचीच्या पेटीत प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड व वीजपुरवठा यांची हवा स्वतंत्र मार्गांनी बाहेर पडत असे. एकाची उष्णता दुसऱ्याला लागत नसे. सर्व संचांत १६ जीबी मेमरी व ४५० वॅटचा वीजपुरवठा होता. मात्र ग्राफिक्स कार्ड एनव्हिडिया जीटीएक्स ६६०पासून टायटनपर्यंत, तर प्रोसेसर इंटेल कोअर आय३पासून आय७पर्यंत वेगवेगळे होते.

हीच विविधता पुढे अडचणीची ठरली. जानेवारी २०१४मध्ये लास व्हेगास येथील सीईएस प्रदर्शनात जाहीर झालेल्या यंत्रांच्या किमती ४९९ डॉलरपासून थेट ६,००० डॉलरपर्यंत होत्या. कन्सोलचे एकच ठरलेले हार्डवेअर समोर ठेवून विकसक खेळ घडवतात. ‘स्टीम मशीन’ या नावावरून मात्र एखादा खेळ कितपत नीट चालेल हे ग्राहकाला कळत नसे.

किमतीचे गणितही प्रतिकूल होते. प्लेस्टेशन ४मध्ये प्रोसेसर व ग्राफिक्स एकाच चिपवर असून ८ जीबी वेगवान मेमरी दोघांत सामायिक असते. शिवाय कन्सोल उत्पादकाला विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळातून वाटा मिळतो, त्यामुळे यंत्रावर त्याने नफा घेतला नाही तरी चालते. स्टीमवरील विक्रीचा वाटा व्हॉल्व्हकडे जात असल्याने संगणक जोडणाऱ्या उत्पादकाला आपली कमाई यंत्राच्या किमतीतूनच काढावी लागे. विंडोजच्या परवान्याचा खर्च वाचे, एवढाच त्याचा लाभ. किमतीत कन्सोलच्या सर्वाधिक जवळ गेलेल्या यंत्रांपैकी एलियनवेअरचा संच ४४९ डॉलरपासून मिळे. त्यात कोअर आय३ प्रोसेसर, ४ जीबी मेमरी व लॅपटॉपच्या धर्तीचा, मदरबोर्डवरच पक्का बसवलेला ग्राफिक्स प्रोसेसर होता. म्हणजे भविष्यात ग्राफिक्स कार्ड बदलण्याची सोय, जी संगणकाची कन्सोलवरील मोठी सरशी, तीच येथे उरली नव्हती. त्या वेळी प्लेस्टेशन ४ अमेरिकेत सुमारे ३५० डॉलरना मिळत असे.

प्रतिसाद

हार्डवेअरपेक्षाही प्रणालीचा फटका मोठा होता. स्टीमवरील अनेक गाजलेले खेळ लिनक्सवर उपलब्धच नव्हते. जे होते, त्यांपैकी काही त्याच यंत्रावर विंडोजपेक्षा लक्षणीयरीत्या संथ चालतात, असे आर्स टेक्निका या संकेतस्थळाच्या नोव्हेंबर २०१५मधील चाचण्यांत आढळले. एलियनवेअरचा जवळपास तसाच संच विंडोजसह अल्फा या नावाने वर्षभर आधीच बाजारात आला होता. एप्रिल २०१८च्या सुमारास स्टीमच्या मुख्य यादीतून या यंत्रांचा दुवा काढण्यात आला.

नंतरच्या घडामोडी

ऑगस्ट २०१८मध्ये व्हॉल्व्हने विंडोजसाठीचे खेळ लिनक्सवर चालवणारे प्रोटॉन हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. त्याच्या बळावर फेब्रुवारी २०२२मध्ये स्टीम डेक हा हाती धरण्याचा संच आला. त्यात एएमडीची एकत्रित चिप व १६ जीबी सामायिक मेमरी, म्हणजे कन्सोलचीच रचना स्वीकारलेली आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये व्हॉल्व्हने स्टीम मशीन याच नावाने नव्या संचाची घोषणा केली. सुमारे १६ सेंटिमीटरच्या घनाकार पेटीत सहा गाभ्यांचा एएमडी प्रोसेसर, १६ जीबी मेमरी आणि ग्राफिक्ससाठी वेगळी ८ जीबी मेमरी असे त्याचे स्वरूप असून, या वेळी तो इतर उत्पादकांवर न सोपवता व्हॉल्व्हने स्वतः घडवला आहे.