चिंध्यांचा इतिहास आणि चिंध्या वेचणारे हात

हल्ली 'सर्क्युलर फॅशन'वर परिसंवाद भरतात. त्यात एक वाक्य हमखास ऐकू येते. भारतात कापड कधी वाया जातच नव्हते, जुन्या लुगड्याची गोधडी आणि गोधडीचे पोतेरे ही आपली परंपरा आहे, असे वक्ते सांगतात. ऐकायला गोड आहे. पण या साखळीतली एक कडी ते नेहमी गाळतात. मालकाच्या अंगावरून उतरलेले कापड पोतेरे होण्याआधी कुणाच्या अंगावर जात होते?

याचे उत्तर मनुस्मृतीत आहे. दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असा आदेश आहे, आणि त्याच अध्यायात पुढे 125 व्या श्लोकात शूद्र सेवकाला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे. आपल्या गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा 'हक्क' मानला जाई. शब्द पाहा, हक्क! आणि हा हक्क सोडून कुणी नवे, चांगले कापड नेसले तर काय होई? 1928 साली इंदूर संस्थानातील काही गावांत सवर्णांनी बलाई समाजाला नियम घालून दिले. जरीकाठी पागोटे घालायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी दागिने घालायचे नाहीत. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात हा प्रसंग नोंदवला आहे. म्हणजे ज्याला आज 'पुनर्वापर' म्हणून गौरवले जाते, तो आपल्या पूर्वजांसाठी शास्त्राने आणि काठीने लादलेला होता. काटकसर वेगळी आणि शिक्षा वेगळी.

म्हणूनच महाडला डिसेंबर 1927 मध्ये मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब स्त्रियांशी कपड्यांबद्दल बोलले. स्पृश्य स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसा, ठिगळे असली तरी चालतील पण ते स्वच्छ असू द्या, असा त्यांचा आशय होता. ठिगळाला त्यांची हरकत नव्हती. जात दाखवणाऱ्या वेशाला होती. हा फरक मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे.

दुसरा प्रसंग मुंबईच्या गिरण्यांचा. तिथे अस्पृश्य कामगारांना जास्त पगाराच्या साचा खात्यात, म्हणजे विणकामात, प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरल्यावर सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याला चालत नसे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला आणि त्यांना तो नाइलाजाने मान्य करावा लागला. यंत्र विलायतचे, भांडवल शेटजींचे, लाल बावटा कामगारांचा, आणि खात्याच्या दारावर मात्र मनू बसलेला.

आता आजच्या कापडकचऱ्याकडे येऊ. 'फॅशन फॉर गुड' या संस्थेच्या 2022 च्या अहवालानुसार भारतात वर्षाला सुमारे 78 लाख टन कापडकचरा हाताळला जातो आणि त्यातला निम्मा आपल्याच घरांतून वापरून टाकलेला असतो. हे पुन्हा सूत का होत नाही? तंत्रज्ञ सांगतात ती कारणे खोटी नाहीत. सुती आणि पॉलिस्टर एकत्र विणलेले कापड यंत्राने सहज वेगळे होत नाही. फाडून काढलेला धागा आखूड होतो, त्याचे जाडेभरडे सूत निघते. पानिपतमध्ये हीच कामे चालतात. परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे रंगाप्रमाणे निवडायचे, बटणे आणि चेन कापायच्या, यंत्रात फाडायचे, पुन्हा कातायचे आणि त्याची घोंगडी विणायची. ही विद्या 1813 च्या सुमारास इंग्लंडातील बॅटली गावात निघाली. पण नव्या पॉलिस्टरची मऊ ब्लँकेटे स्वस्तात आली आणि पानिपतच्या घोंगडीचे गिऱ्हाईक घटले.

हे सगळे खरे. पण विचार करा, सर्वांत अवघड काम कोणते? निवडणे. हाताला लागताच हे सुती, हे मिश्र, हे लोकरी, हे ओळखणे. हे काम पानिपतमध्ये जमिनीवर बसून, धुळीत, तुटपुंज्या मजुरीवर होते. मुंबईत भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणारी बोहारीण हेच ज्ञान डोक्यावर गाठोडे घेऊन दारोदार फिरवते. यातल्या कित्येक बाया वाघरी समाजाच्या आहेत, आणि महाराष्ट्राच्या यादीत तो समाज विमुक्त जातींत येतो. या ज्ञानाला 'कौशल्य' म्हणून ना प्रमाणपत्र आहे, ना कर्ज, ना बसायला बाजारात हक्काची जागा. ज्या हाताला समाजाने हीन ठरवले, त्या हातातली विद्या बँकेला दिसत नाही. हा अडथळा कोणत्याही यंत्राने दूर होणारा नाही. घरोघरचे कापड ओल्या कचऱ्यात जाऊन कुजते, कारण ते वेगळे आणि कोरडे गोळा करणाऱ्याला पैसे द्यायचे कुणाच्या अंदाजपत्रकात नसते.

आपल्यातले काही तरुण विचारतील, बाबासाहेबांनी घाणेरडी कामे सोडायला सांगितली, मग तुम्ही चिंध्यांची वकिली का करता? प्रश्न रास्त आहे. माझ्या मुलीने कचरा वेचावा असे मलाही वाटत नाही. पण पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यात बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत, आणि 2008 मध्ये त्यातूनच महापालिकेबरोबर काम करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. त्या बायांना ओळखपत्र आणि मोबदला मिळाला तो लढून. 1928 साली बाबासाहेबांनी महार वतनाचे बिल मांडले आणि त्याच वर्षी साचा खात्याचे दारही ठोठावले. जन्माने लादलेले काम मोडायचे आणि कामाचा पूर्ण दाम व मान मागायचा, या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींविरुद्ध कधी उभ्या केल्या नाहीत. आपणच का कराव्यात?

प्लास्टिक आणि ई-कचऱ्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकावर आहे. कपड्यांसाठी तशी सक्ती आजवर नाही. उद्या ती आली की मोठ्या ब्रँडचा पैसा या धंद्यात उतरेल, आणि 'स्टार्टअप'वाले बोहारणीची गाठोडी उचलून तिलाच रोजंदारीवर ठेवतील. मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा त्यात तीन गोष्टी शोधा. गोळा करणाऱ्या आणि निवडणाऱ्या बायांना उत्पादकाच्या पैशातून ठरलेला दर आहे का? निवड केंद्राची मालकी त्यांच्या सहकारी संस्थेला मिळू शकते का? धुळीने फुप्फुस गेले तर उपचाराचा खर्च कुणावर आहे? यातले काही नसेल तर हरकतीचे पत्र तयार ठेवा, आणि लिहिण्याआधी आपल्या वस्तीत जुने कपडे गोळा करायला येणाऱ्या बाईला दर विचारून घ्या.