कोरड्या डोळ्यांचा इतिहास

वैशाखांतील झळा लागूं लागल्या कीं विदर्भ-खानदेशांत दुपारीं घरीं परतणारा मनुष्य डोळे चोळीत प्रथम रांजणाकडे वळतो. डोळ्यांत वाळूचा कण खुपावा तशी बोच असते. पाण्याचा हबका मारला म्हणजे ती घटकाभर शमते व पुन्हां सुरू होते. डोळा कोरडा पडला तर त्यास पाणी द्यावें, हा तर्क सरळ आहे. परंतु अपुरा आहे. अश्रू म्हणजे केवळ पाणी नव्हे, हें कळण्यास वैद्यकास कित्येक शतकें लागलीं.

हा विकार भारतीय वैद्यांस अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत ७६ नेत्ररोग सांगितले असून ‘शुष्काक्षिपाक’ हा त्यांपैकीं एक. पापण्या कठीण व रूक्ष होणें, दृष्टि गढूळ होणें आणि डोळे उघडण्यास कष्ट पडणें, हीं त्याचीं लक्षणें. त्यावरील उपायांत तूप पिण्यास व ‘तर्पणा’स महत्त्वाचें स्थान आहे. डोळ्यांभोंवतीं उडदाच्या पिठाचें आळें करून त्यांत पातळ केलेलें औषधी तूप भरणें, हें तर्पण. वात रूक्ष, म्हणून त्यावर स्नेह, अशी त्यामागील उपपत्ति. अश्रूंच्या घटकांचें ज्ञान तींत नव्हतें. पण कोरड्या डोळ्यास नुसतें जल पुरत नाहीं, एवढें तींत गृहीत होतें.

युरोपांत अश्रू मेंदूंतून पाझरतात, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. कोपनहेगन येथें जन्मलेल्या निल्स स्टेन्सन यानें इ. स. १६६२ मध्यें अश्रुपिंडांच्या नलिकांचें वर्णन करून तिला धक्का दिला. पुढें चारच वर्षांनीं, १६६६ मध्यें, जर्मनींतील हाइन्रिक मायबोम यानें पापण्यांतील बारीक पिंडांचें सविस्तर वर्णन केलें. हे पिंड तेलकट द्रव्य स्रवतात व आज त्याच्याच नांवानें ओळखले जातात. पाण्याचा उगम आणि तेलाचा उगम असे दोन्ही सांपडले. परंतु त्यांचा परस्परसंबंध उमगण्यास आणखी पावणेतीनशें वर्षें जावीं लागलीं.

मध्यंतरीं कोरडेपणा मोजण्याची युक्ति निघाली. १९०३ मध्यें ओटो शिर्मर यानें टीपकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणींत अडकवून ती किती भिजते तें पाहण्याची पद्धति सांगितली. १९३३ मध्यें स्वीडनचे डॉक्टर हेन्रिक श्योग्रेन यांनीं डोळे कोरडे पडलेल्या १९ स्त्रियांचा अभ्यास प्रबंधरूपानें मांडला. त्यांपैकीं १३ जणींस सांधेदुखीचा विकार होता. डोळ्यांचा कोरडेपणा हा कधीं कधीं सर्व शरीराच्या रोगाचा एक भाग असतो, हें त्यांतून दिसून आलें. प्रबंधाची योग्य कदर तेव्हां झाली नाहीं. १९४३ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर निघाल्यावर त्याची कीर्ति सर्वत्र पसरली.

१९४६ मध्यें यूजीन वुल्फ यांनीं बुबुळावरील अश्रुपटलाचे तीन थर वर्णिले: आंत चिकट, मध्यें जलमय आणि वर तेलकट. १९६१ मध्यें मिशिमा व मॉरिस यांनीं सशांच्या डोळ्यांवरील तेलाचा थर काढून पाहिला, तेव्हां अश्रूंचें बाष्पीभवन अनेक पटींनीं वाढलें. दुधावरील साय जशी खालच्या दुधास झांकते, तसा हा थर पाण्यास राखतो.

या ज्ञानानें उन्हाळ्यांतील बोचेचा उलगडा होतो. उष्ण, शुष्क वारा पटलांतील पाणी हिरावून नेतो. तेलाचा थर दुबळा असेल तर अधिकच वेगानें. वाचतांना किंवा पडद्याकडे टक लावून पाहतांना पापण्या कमी वेळां लवतात, त्यामुळें पटल पुन्हां पसरत नाहीं. डोळा चुरचुरला कीं अश्रुपिंड पाण्याचा लोंढा सोडतात. म्हणूनच डोळ्यांतून पाणी वाहत असूनहि डोळा कोरडा असूं शकतो.

उपायहि यांतूनच निघतात. पंख्याचा वारा थेट डोळ्यांवर घेऊं नये. उन्हांत बाजूनें झांकणारा चष्मा लावावा. वाचतांना मधून मधून पापण्या पूर्ण मिटाव्या. कोंबट पाण्याच्या घडीनें पापण्या शेकल्यास सांकळलेलें तेल मोकळें होतें. कृत्रिम अश्रूंचे थेंब वैद्यकीय सल्ल्यानें घालावे. घरचें तूप, मध वा लिंबाचा रस डोळ्यांत घालूं नये, कारण त्यांनीं जंतुसंसर्ग किंवा दाह होण्याची भीति असते. वेदना होऊं लागल्यास, दृष्टि मंदावल्यास किंवा तोंडहि सतत कोरडें पडल्यास तपासणीस विलंब करूं नये. लहान मुलास कोरड्या डोळ्यांबरोबर रातांधळेपणा जाणवला तर ती अ-जीवनसत्त्वाच्या अभावाची खूण असूं शकते, आणि तेथें दिरंगाईची किंमत कायमचें अंधत्व ही असते. रांजणांतील पाणी थंडावा देईल. पण डोळ्याचें रक्षण त्या पातळ, तेलकट, अदृश्य थराच्या हातीं आहे.