पडद्यावरची जोधा आणि सोलापूरच्या किल्ल्याचे आंदण



गेल्या वर्षी वर्गात मोगल काळ शिकवीत असता एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, जोधाबाई खरोखरच अकबराशी तलवारीने लढली होती का?" मी हसून म्हणालो, "जोधाबाई लढली नाही, पण तिचे लग्न मात्र झाले." घरी जाऊन पुस्तके चाळली आणि माझ्या उत्तराचा उत्तरार्धही चुकलेला आहे असे ध्यानात आले. २००८ साली आशुतोष गोवारीकरांचा 'जोधा अकबर' आला तेव्हा मी महाविद्यालयात होतो. त्याआधी १९६० च्या 'मुगल-ए-आझम'मध्ये आपल्या दुर्गा खोटे यांनी केलेली जोधाबाई घरातील वडील मंडळींच्या तोंडून ऐकलेली. इतिहासाची पदवी घेऊनही ते नाव मी पडद्यावरूनच उचलले होते, हे येथे कबूल केलेले बरे.

आमेरच्या राजा भारमलाची कन्या अकबराला दिली गेली, हे निश्चित. साल १५६२, ठिकाण सांभर. परंतु अबुल फजलच्या 'अकबरनाम्या'त किंवा जहांगीरच्या आत्मचरित्रात 'जोधाबाई' हे नाव तिला दिलेले नाही. तिची पदवी मरियम-उज़-ज़मानी. जोधपूरशी नाते होते ते तिच्या सुनेचे. मोटा राजा उदयसिंहाची ती मुलगी जहांगीरची राणी आणि शाहजहानची आई. सासू-सुनेची ही सरमिसळ पुढे कर्नल टॉड यांच्या ग्रंथामुळे रूढ झाली आणि चित्रपटाने ती घराघरांत नेली.

आता प्रेमाचे पाहू. भारमल दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडला होता. गादीसाठी त्याचा पुतण्या सुजा उभा राहिला होता, त्याला मेवातचा मोगल अधिकारी शरफुद्दीन हुसेन याची साथ होती, आणि भारमलाचा मुलगा व पुतणे ओलीस ठेवलेले होते. अकबर अजमेरच्या दर्ग्याकडे निघाला असता भारमल त्याला वाटेत भेटला. परतीच्या प्रवासात लग्न लागले व ओलीस सुटले. नवरदेव अवघा एकोणीस वर्षांचा! प्रेम पुढे जडले नसेलच असे मी म्हणणार नाही. पण लग्न ठरले ते राज्य वाचविण्यासाठी.

पडद्यावर राणीच्या सांगण्याने बादशहा वेष पालटून बाजारात जातो आणि यात्राकर माफ करतो. ग्रंथांत आहे ते असे, की १५६३ मध्ये मथुरेकडे शिकारीस गेला असता हा कर त्याच्या कानावर आला व त्याने तो बंद केला. पुढच्या वर्षी जिझियाही उठविला. याच अकबराने १५६८ मध्ये चितोड जिंकल्यावर हजारोंची कत्तल केली. वर्गात मी दोन्ही गोष्टी सांगतो. १५७६ च्या हळदीघाटीवर अकबराचा सेनापती भारमलाचा नातू मानसिंह होता, आणि राणा प्रतापाच्या आघाडीवर हकीम खान सूर. ही दोन नावे फळ्यावर लिहिली की मुले थोडा वेळ गप्प होतात.

पण अशा लग्नांसाठी आग्र्यापर्यंत कशाला जायचे? सोलापूरचा किल्ला आपल्याच मुलखातला. अहमदनगरची निजामशाही व विजापूरची आदिलशाही यांच्या सीमेवरचे हे ठाणे दोघांनाही हवे होते. १५२४ मध्ये बुऱ्हाण निजामशहाचे लग्न आदिलशहाची बहीण बीबी मरियम हिच्याशी झाले, तेव्हा आंदण म्हणून सोलापूर कबूल केल्याचे नगरकरांचे म्हणणे. विजापूरने ते दिले नाही. मग काय, व्याह्या-व्याह्यांतच युद्ध पेटले! (हुंड्यावरून भांडणारी घराणी आपण आजही पाहतो, त्यांच्याजवळ तोफा नसतात एवढेच.) चाळीस वर्षे हा किल्ला दोन्ही घरांना रक्त ओकायला लावीत राहिला. अखेर विजयनगरच्या धास्तीने दोघे एक झाले. हुसेन निजामशहाने मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली व आंदणात सोलापूर. अलीची बहीण हदिया सुलताना नगरच्या मुर्तझाकडे आली. त्यानंतर लगेच, जानेवारी १५६५ मध्ये, तालिकोटची लढाई झाली.

किल्ल्याबरोबर दिलेली ती मुलगी मात्र कोणाच्या पदरात गप्प बसली नाही. पती गेल्यावर तिने विजापुरात अज्ञान पुतण्याच्या नावे कारभार पाहिला, आणि १५९५ मध्ये अकबराचा मुलगा मुराद नगरच्या तटाला सुरुंग लावीत असता माहेरचा किल्ला लढविला. वऱ्हाड देऊन तिने तह केला. १६०० साली, मोगलांशी बोलणी करते या संशयावरून, तिच्याच लोकांनी तिला ठार केले.

आणि आमेरची ती राणी? तिच्या मालकीचे 'रहीमी' नावाचे मोठे जहाज होते. ते हाजींना व मालाला घेऊन जात असे. १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी ते पकडले, तेव्हा तिच्या मुलाचा, जहांगीरचा, संताप अनावर झाला. हे जहाज एखाद्या चित्रपटात दाखवावे असे मला फार वाटते.

त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर माझी चूक सांगितली. तिने लगेच विचारले, "मग सर, तिचे माहेरचे नाव काय?" समकालीन ग्रंथांनी ते लिहूनच ठेवलेले नाही, असे सांगावे लागले. ती म्हणाली, "किल्ल्याचे नाव लिहिले, मुलीचे नाही." यावर मी काय बोलणार?

यंदाची सहल सोलापूरला न्यावी असे मनात आहे. सिद्धेश्वर तलावाच्या काठी तो भुईकोट अजून उभा आहे. मुले चिठ्ठी घेऊन घरी येतील, पालकांनी सही करावी, मुलींच्या चिठ्ठीवरसुद्धा.