भुताची शिकवणी

वेळ लावून निबंध लिहायचा, तर तयारी कशी करायची? येतील असे वाटणारे विषय आधीच लिहून काढायचे आणि पाठ करायचे. आपल्या दहावीच्या गाईडांची ही युक्ती चीनमध्ये तीन-चारशे वर्षांपूर्वीच रुळलेली होती. तिथे सरकारी अधिकारी व्हायचं तर वाट निबंधातूनच जायची. विषय कन्फ्यूशियसपंथी ग्रंथांतले, साचा आठ भागांचा, आणि प्रांताच्या परीक्षेत पहिल्याच फेरीत एकट्याच्या कोठडीत बसून सात निबंध! नमुना निबंधांची छापील पुस्तकं बाजारात मिळत, हे सांगायला नकोच.

या तयारीवर मी वाचलेलं सगळ्यात बोचरं लिखाण म्हणजे पु सोंगलिंगची (१६४०-१७१५) एक भुताची गोष्ट. (हो, तोच, कोल्हिणी आणि भुतांच्या गोष्टीवाला.) गोष्टीतला ये नावाचा विद्वान परीक्षेत नापास होतो आणि खचून आजारी पडतो. त्याची किंमत ओळखणारा एक अधिकारी त्याला आपल्या गावी नेतो. तिथे ये त्याच्या मुलाला शिकवतो, म्हणजे स्वतः जन्मभर सरावासाठी लिहिलेले निबंध त्याच्याकडून घोकून घेतो. परीक्षेत सातही विषय त्यातलेच निघतात. मुलगा प्रांतात दुसरा! पुढे ये स्वतःही पास होऊन घरी येतो, तर बायको घाबरून पळते. तो मेल्याला काही वर्षं झालेली असतात. शवपेटी घरातच असते. ती पाहून तो कोसळतो, उरतात नुसते कपडे.

मला भुतापेक्षा ते निबंध छळतात. त्याच अभ्यासावर तो नापास आणि मुलगा दुसरा... मग परीक्षक तपासत होते तरी काय?

पु सोंगलिंगला हे बाहेरून कळलेलं नव्हतं. १६७९ पासून तीसेक वर्षं तो एका श्रीमंत घरी मुलांना शिकवत होता. १६५८ साली सुरुवातीच्या तिन्ही परीक्षांत तो पहिला आला होता. शी रुनझांग या परीक्षकाने त्याच्या निबंधाची तारीफ केली. तो निबंध साच्यापेक्षा गोष्टीच्या अंगाने जाणारा होता. (ही शाबासकीच त्याला महाग पडली असावी, असं आपलं माझं मत.) पुढे प्रांताच्या परीक्षेत तो दर वेळी आपटला. १६८७ साली तर लिहिण्याच्या भरात मध्येच एक पान कोरं सुटलं. नियमभंग, बाद!

सत्तरी गाठल्यावर ज्येष्ठतेच्या हिशेबाने एक लहानशी पदवी मिळाली. १७१३ साली मुलाने त्याचं चित्र काढून घेतलं, त्या पदवीच्या पोशाखात. चित्रावर त्याने स्वतः लिहून ठेवलंय, की हा वेश माझ्या मनातला नव्हता, पुढचे लोक हसतील अशी भीती वाटते.