अरगट (बाजरीवरील)

बाजरीच्या कणसास फुलोऱ्याच्या वेळी ग्रासणारा कवकजन्य रोग. तो क्लॅव्हिसेप्स फ्यूजिफॉर्मिस या कवकामुळे होतो. याच प्रजातीतील क्लॅव्हिसेप्स पर्प्युरिया ही जाती राय, गहू आदी तृणधान्यांवर, तर क्लॅव्हिसेप्स आफ्रिकाना व क्लॅव्हिसेप्स सॉर्घाय या जाती ज्वारीवर आढळतात. ज्वारीवरील रोगास महाराष्ट्रात ‘चिकटा’ म्हणतात.

रोगाचे मर्म बाजरीच्या पुष्परचनेत आहे. कणसावर किंजल्क प्रथम उमलतात व त्याच कणसाचा पराग काही दिवसांनी सुटतो. परागण होताच किंजल्क कोमेजून किंजपुटाची वाट मिटते, परंतु ढगाळ, दमट हवेत व रिमझिम पावसात पराग धुऊन गेला, तर त्या उघड्या वाटेने कवकाचा प्रवेश होतो. पाच ते सात दिवसांत कणसातून मधासारखा गुलाबी चिकट द्रव पाझरू लागतो; त्यातील असंख्य बीजुके पाऊस व कीटक यांच्याद्वारे इतर कणसांवर पसरतात. पुढे दाण्याच्या जागी काळपट, कठीण जालाश्म तयार होतात आणि ते जमिनीत पडून किंवा बियाण्यात मिसळून पुढील खरिपापर्यंत रोगाचे बीज जतन करतात.

१९५६-५७ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात दूषित बाजरी खाल्ल्याने विषबाधेची साथ उद्भवली; १९७५ मध्ये राजस्थानातही तसाच प्रकार घडला. १९६५ साली एचबी-१ हा संकरित वाण प्रसृत झाल्यानंतर एकाच वेळी फुलणाऱ्या संकरित पिकांत रोगास अधिक वाव मिळाला.

रायवरील अरगटातील अर्गोटामिनासारख्या अल्कलॉइडांमुळे रक्तवाहिन्या आकुंचित होऊन हातपाय सडतात, व मध्ययुगीन यूरोपात ही व्याधी ‘संत अँथनीचा अग्नी’ म्हणून कुप्रसिद्ध होती. बाजरीच्या जालाश्मात मात्र ॲग्रोक्लॅव्हिनादी क्लॅव्हिन वर्गातील अल्कलॉइडे असल्याने मळमळ, वांती, भोवळ व गुंगी ही लक्षणे दिसतात. असे धान्य खाल्लेल्या डुकरिणींचे दूध आटते. आफ्रिकेतील या व्याधीच्या शोधातूनच १९६७ साली कवकाच्या या जातीस नाव मिळाले.

बंदोबस्ताचा पहिला उपाय रयतेच्या हाती आहे व तो अल्पखर्चाचा आहे. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतले असता हलके जालाश्म तरंगतात. ते काढून नष्ट करावेत आणि तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवावे. खोल नांगरट, पिकांची फेरपालट, बांधावरील अंजनासारख्या आश्रयी गवतांचे निर्मूलन व रोगट कणसांचा नाश यांची त्यास जोड द्यावी. पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने रोगप्रतिकारक वंशही विकसित केले आहेत. तथापि भाकरीच्या पिठात विष जाऊ नये, यासाठी दळणापूर्वी धान्य निवडण्यात कसूर करू नये. कारण एकदा दळलेला जालाश्म डोळ्यांना ओळखता येत नाही.