धवलारिणीची वही

आपल्या स्मरणिकेच्या पानांतून ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे दरवर्षी प्रसिद्ध होतात, आणि ती व्हावीतही. चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून 1939 पर्यंत जमिनी ओस ठेवून खोतशाहीशी जो झगडा दिला, त्यातील कै. नारायण नागू पाटील यांचे नेतृत्व आपल्या मुलांना ठाऊक असलेच पाहिजे. परंतु पेण आणि रोहा या तालुक्यांतील खारेपाटात ज्या स्त्रिया बांधबंदिस्तीची माती डोक्यावर वाहत, भाताची आवणी करीत, आणि त्याच मुखाने समाजाची विवाहगीते पिढ्यान् पिढ्या सांभाळीत आल्या, त्या धवलारिणींपैकी एकीचेही चरित्र या पानांत आजवर आले नाही. ह्या उणिवेविषयी चार शब्द लिहावेत, एवढाच आमचा हेतू आहे.

नव्या पिढीतील वाचकांसाठी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. आगरी लग्नात मंगलाष्टकांचा प्रघात सार्वत्रिक होण्यापूर्वी विधी चालविण्याचा मान धवलारिणीकडे असे. मांडव, हळद, पाठवणी, प्रत्येक कृत्याचा धवला निराळा. देवदेवता, भूमी आणि पितर यांना आमंत्रण तिच्याच मुखाने जावयाचे. कोणत्या धवल्यामागून कोणता म्हणावयाचा हा क्रम तिला मुखोद्गत असे. तो तिने एखाद्या वडीलधाऱ्या धवलारिणीच्या मागे बसून, तिच्या सुरात सूर मिसळून उचललेला असे. अक्षरओळख नाही, पोथी नाही. सारे भांडार स्मरणात. लग्नसराई सरली की हीच बाई पुन्हा गुडघाभर चिखलात उभी. उत्तरेकडे डहाणूच्या बाजूस वारली समाजातही लग्न लावणारी स्त्रीच. तिला धवलेरी म्हणतात.

हा प्रकार अडाणी बायकांचे गाणे म्हणून सोडून द्यावा असा नाही. तेराव्या शतकात ऋद्धिपूर येथे महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात पहिल्या पानावर आले. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून जिवापाड जपले, म्हणून महदंबेचे धवळे राहिले. आमच्या धवलारिणींना लेखणी धरणारा कोणी भेटला नाही. भेद गुणाचा नव्हे, वहीचा आहे.

हे म्हणणे कोणास अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून खानदेशातील एक उदाहरण देतो. जळगावजवळील असोदे गावी 1880 साली नागपंचमीस एका लेवा शेतकरी कुटुंबात बहिणाबाईंचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी त्या जळगावच्या चौधरींच्या घरात सून म्हणून आल्या, आणि तिसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी तीन मुले. त्यांपैकी थोरल्या ओंकारला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. शेतात खपावे, जाते ओढावे, आणि ओढता ओढता आपल्या बोलीत ओव्या रचाव्यात, असा त्यांचा दिनक्रम. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. मात्र घरात धाकटे चिरंजीव सोपानदेव होते, जे पुढे स्वतः कवी म्हणून मान्यता पावले. त्यांनी व त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी आईच्या मुखातील गाणी वेळोवेळी टिपून ठेवली. मुलगा कवी निघावा हा योग विरळा. पण टिपून घेण्यास कवी असावे लागत नाही, हेही येथेच नमूद करून ठेवतो.

3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई निवर्तल्या. ती वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली, आणि 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्या माउलीने आपले एकही गाणे पुस्तकात छापलेले पाहिले नाही. पुढे ‘मानिनी’ (1961) या बोलपटाने ती गाणी घरोघर नेली, आणि 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव लाभले. ती वही नसती, तर जळगावच्या एका वाड्यात एक वृद्धा वारली, एवढीच नोंद उरली असती.

पेण-रोह्याकडे परत येऊ. दोष दुसऱ्यास देण्यापूर्वी आमचाच सांगतो. आमच्या घरच्या एका लग्नात धवलारीण मानाने बोलाविली होती. हळदीला तिने धवला सुरू केला, तोच ध्वनिक्षेपकवाल्या मुलांनी तबकडी लावली. म्हातारी दोन कडवी अधिक मोठ्याने म्हणाली, मग थांबली. आम्ही तिथेच उभे होतो. तबकडी बंद करा, एवढे तीन शब्द आम्ही उच्चारले नाहीत. उलट पाहुण्यांच्या जेवणास उशीर होतो म्हणून तिला आवरते घ्यावयास सांगितले. तिने नारळ, तांदूळ आणि लुगडे घेतले व ती निघून गेली. पुढील वर्षी तिच्या गावी गेलो, तेव्हा उशीर झाला होता. असो.

जात्यावरील ओव्यांच्या बाबतीत मात्र असा उशीर सर्वस्वी झाला नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी, खेड्यांतील स्त्रियांनाच हाताशी धरून, महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बायांची नावे आणि गावे ओव्यांबरोबर नोंदली गेली, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. घराघरांतून गिरणीचे पीठ येऊ लागले, जाती कोपऱ्यात गेली, तरी ओव्या वाचल्या.

आपल्यातील ज्या घरी आजी, आत्या किंवा मावशी धवले म्हणतात, तेथील मुलामुलींनी शंभर पानी वही घेऊन बसावे. खिशात मोबाईल असतोच. आवाजही त्यात घ्यावा. शब्द तिच्या तोंडी येतील तसेच उतरावेत, शाळेच्या पुस्तकाप्रमाणे सुधारू नयेत. सोपानदेवांनी आईची बोली तशीच राखली, म्हणूनच आज तिची गोडी आहे. धवला कोणत्या विधीचा, तो तिला कोणी शिकविला, तिचे माहेर कोणते, हेही समासात लिहावे. आणि येत्या लग्नसराईत हळदीच्या वेळी यजमानांनी ध्वनिक्षेपक अर्धा तास बंद ठेवावा.